सत्तावीस निऱ्या

कुंदाताई मयेकर माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी त्याच्या शर्टाचा खिसा बघतात. शर्ट चौकडीचा असेल, तर खिशावरची रेघ मागच्या शर्टावरच्या रेघेला मिळाली आहे की नाही, यावर त्या माणसाविषयीचं त्यांचं मत ठरतं. मिळाली असेल तर माणूस घरात घ्यायला हरकत नाही. नसेल, तर तो कितीही मोठा असो, ताई त्याच्या छातीकडे बोट दाखवून विचारतात, "रेघ कुठे गेली?"

हा प्रश्न त्यांनी बँकेच्या नव्या मॅनेजरांना विचारला आहे. दातांच्या डॉक्टरांनाही विचारला आहे. त्या वेळी डॉक्टरांचे दोन्ही हात ताईंच्या तोंडात होते, म्हणून नुसत्या बोटावर भागवलं. पुतणीला स्थळ बघायला गेल्या होत्या, तेव्हा मुलाला नोकरी होती, भाट्याला नारळाची बाग होती, आणि अंगात चौकडीचा शर्ट होता. ताई चहा न घेता उठल्या. "ज्याला स्वतःच्या छातीवर काय चाललंय ते दिसत नाय, तो बायकोकडे काय बघणार?" पुतणीनं पुढे त्याच मुलाशी लग्न केलं. त्याचे सगळे शर्ट आता ताई शिवतात.

ताई माझ्या शेजारी राहतात. दोन घरांच्या मध्ये छातीइतका उंच चिऱ्याचा गडगा आहे आणि आमचं सगळं बोलणं त्यावरून चालतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, म्हणून मी 'मास्तर'. त्या चाळीस वर्षं पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवतायत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या काही मुली आता आज्या झाल्या आहेत, पण बाजारात ताई समोरून येताना दिसल्या की अजून पदर ओढून ब्लाउजची शिवण झाकतात. ताईंचं माप इंचात नसतं, दोऱ्यात असतं. माझ्या दारावरची नावाची पाटी चार दोरे डावीकडे कलली आहे, हे त्यांनी मला वास्तुशांतीच्या दिवशी, तीर्थ घेता घेता सांगितलं. मी म्हटलं, "ताई, चार दोऱ्यांनी काय होतं?" ही माझी चूक झाली. "एका दोऱ्यानं काय होतं, असं कधी म्हणू नका, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि पंगत बसेपर्यंत एका दोऱ्यानं काय काय होतं ते मला ऐकावं लागलं.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. शर्ट शिवताना पाठीवर, जिथे खांद्याची पट्टी खालच्या कापडाला जोडतात, तिथली चौकडी जुळवायला त्या पुढच्यापेक्षा दुप्पट वेळ घेतात. पाठीकडे एवढं कुठलाच शिंपी बघत नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. "पुढचं माणूस स्वतः बघतो आरशात," एवढंच म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

यजमान त्यांचे बोटीवर होते. दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घरी असले की ताईंनी शिवलेला चौकडीचा शर्ट घालून गडग्यावर बसायचे. ते वारले त्याला आता बारा वर्षं झाली. मुलगा एकच, नितीन. तोही समुद्राकडेच गेला, फक्त बोटीऐवजी तेलाच्या विहिरींवर, थेट स्कॉटलंडात. तिथेच त्याचं फिओनाशी जमलं. ताईंनी खळखळ केली नाही. लग्न रत्नागिरीत झालं पाहिजे आणि वरमायेचा मान पुरा झाला पाहिजे, एवढ्याच अटी घातल्या.

फिओनाला आई नाही. वडील आले, लग्नाच्या दहा दिवस आधी. इयन त्यांचं नाव. सहा फूट उंची, उन्हानं कोकमासारखा झालेला चेहरा, आणि पोट साधारण माझ्याएवढं. ताईंनी पहिल्याच चहाला त्यांचं 'इयनराव' करून टाकलं. दुभाष्या अर्थातच मी. इयनरावांचं पहिलं वाक्य मी ऐकलं आणि माझी खात्री पटली की तीस वर्षं मी मुलांना दुसरीच कुठली तरी भाषा शिकवली. मी हसून मान डोलावली. त्यांनी माझं नाव विचारलं होतं, हे मला नितीननं नंतर सांगितलं.

लग्नात इयनराव किल्ट घालणार होते. तिकडच्या पुरुषांचा चौकडीच्या लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, निऱ्या घातलेला घेर, तो किल्ट. हा किल्ट त्यांच्या वडिलांचा होता. इयनरावांनी तो स्वतःच्या लग्नात घातला होता, आणि मुलीला मांडवात आणताना तोच घालायचं ठरवून सातासमुद्रापलीकडून आणला होता. बॅग उघडली तेव्हा त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. पाहुण्याच्या लग्नातल्या कपड्याला वास! ताईंनी किल्ट मागून घेतला, गच्चीवर नेला आणि दोरीवर चिमटे लावून उन्हात टाकला.

आमच्याकडे गच्चीवर काय टाकावं आणि काय टाकू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ताईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यात त्या वेळी फक्त वास होता. अर्ध्या तासानं वानरांची टोळी आली. किल्टचं एक टोक एका वानरानं धरलं, दुसरं दुसऱ्यानं, आणि दोघांपैकी माघार कुणीच घेतली नाही. साधा सपाट भाग घेऊन एक वानर कौलांवरून जे गेलं ते कायमचं गेलं. निऱ्यांचा भाग फणसाच्या फांदीवर लोंबत होता, तो मी काठीनं काढला. त्याच्याही चिंध्या झाल्या होत्या.

इयनरावांना सांगायला मला पाठवलं. मी शब्द जुळवत होतो तोवर त्यांनी माझ्या हातातल्या चिंध्या पाहिल्या, फणसावरची वानरं पाहिली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "नो प्रॉब्लेम." एवढं मात्र मला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाट्याच्या हॉटेलवरून चालत आले. घरात न जाता फणसाखाली थांबले. वाकून पाचोळ्यातनं कापडाचे बारीक बारीक तुकडे उचलत होते, एकेक झटकत होते आणि खिशात ठेवत होते. मी ते गडग्यावरून पाहिलं. ताईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

थोड्या वेळानं त्या गडग्याशी आल्या. चेहरा बँक मॅनेजरचा खिसा बघितल्यासारखा.

"मास्तर, नितीन जन्मभर त्या माणसाच्या गावात राहणार. मी नाय तिथे जाणार-येणार. माझ्या दारात त्यांच्या बापाची वस्तू फाटली, हे मनात घेऊन ते इथून जाणार नायत."

"मग काय करणार?"

"शिवणार."

"किल्ट?"

"मग काय लंगोट?"

लग्नाला सात दिवस होते. ताईंनी आपला बेत सांगितला. व्याह्यांना आहेर द्यावाच लागतो. पँटपीस-शर्टपीसच्या जागी हा द्यायचा. आणि इयनरावांना आधी कळू द्यायचं नाही. "पाहुणा एकदा नको म्हणाला की मग करता येत नाय," त्या म्हणाल्या.

कापडासाठी आम्ही अख्खा बाजार पालथा घातला. त्या हिरव्या-निळ्या चौकडीला आणि तिच्यातल्या पिवळ्या रेघेला जवळचं असं कापड रत्नागिरीत एकच निघालं. ते एका कन्याशाळेच्या गणवेशाचं होतं. दुकानदारानं विचारलं, "कितवीतली मुलगी?" ताई म्हणाल्या, "साठ वर्षांची." किती लागेल हे त्यांनी फणसावरचा तुकडा उसवून आधीच काढलं होतं. आठ वार. हा आकडा त्यांना एकदम पटला. "आपल्या नऊवारीहून एक वार कमी," त्या म्हणाल्या. "पदर नाय ना."

निऱ्या सत्तावीस होत्या. हे कळल्यावर तर त्यांना फारच बरं वाटलं, कारण सत्तावीस नक्षत्रं त्यांना तोंडपाठ. लगेच प्रत्येक निरीला एकेक नक्षत्र दिलं. पहिली अश्विनी, शेवटची रेवती, आणि चित्रा बरोबर मधोमध. त्यामुळे पुढचा आठवडाभर गडग्यावरून मला मिळणाऱ्या बातम्या अशा असायच्या: "आर्द्रा बसली. पुनर्वसू त्रास देतेय." समोरच्या घरातल्या आजींना वाटलं, ताई लग्नासाठी पंचांग बघतायत.

आता खरी मेख. किल्टच्या प्रत्येक निरीत चौकडीचा मोठा घास आत दुमडला जातो आणि वर जेमतेम दीड बोटाची पट्टी दिसते. पण अशा सत्तावीस पट्ट्या शेजारी शेजारी बसल्या की त्यांतून मूळची चौकडी पुन्हा जशीच्या तशी उभी राहायला हवी, कापड कधी दुमडलंच नव्हतं असं वाटायला हवं. साडीच्या निऱ्या चुकल्या तर काठ वरखाली होतो. इथे चुकलं की अख्खी चौकडी मोडते.

पहिल्या दिवशी ताईंनी टेप घेऊन सगळ्या निऱ्या सारख्या मापाच्या घातल्या. आश्लेषेपर्यंत ठीक होतं. मघेला पिवळी रेघ जरा सरकली. स्वातीला ती स्पष्ट सरकली, आणि रेवतीला पोचेपर्यंत चांगली बोटभर लांब गेली. ताईंनी तीन वेळा मोजलं. माप बरोबर होतं. शेवटी चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कापड डोळ्याशी धरलं आणि चौकोनातले दोरे मोजले. गिरणीवाल्याचे चौकोनच सारखे नव्हते. कुठे एक दोरा जास्त, कुठे एक कमी.

"बघा मास्तर!" त्या ओरडल्या. "एका दोऱ्यानं काय होतं ते बघा!"

त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चाळीस वर्षं जे सांगत होत्या ते सिद्ध झालं होतं आणि सत्तावीसच्या सत्तावीस निऱ्या उसवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टेप डब्यात गेली. "नऊवारीच्या निऱ्या काय कुणी टेप लावून घालतं?" असं म्हणून ताई जमिनीवर बसल्या, एक पाय लांब केला, कापडाचं टोक अंगठ्यात धरलं आणि नुसत्या रेघेवर रेघ ठेवत निऱ्या घेत गेल्या. घरात लग्नाची गडबड चालली होती. केटरर जिलबी की श्रीखंड विचारायला आला होता, पत्रिका वाटायच्या राहिल्या होत्या, आणि वरमाय अंगठ्यात शाळेचा गणवेश धरून नक्षत्रं म्हणत बसली होती. नितीन एकदा चुकून म्हणाला, "आई, त्यांना छानसं धोतर देऊ." ताईंनी मान वर करून त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो पत्रिका वाटायला गेला.

निऱ्या बसल्या, तर कंबर अडली. खालचा घेर रुंद, वरची कंबर अरुंद. म्हणजे प्रत्येक निरी वरती निमुळती करायची. डावीकडून दाबली की रेघ डावीकडे कलायची, उजवीकडून दाबली की उजवीकडे. त्यात अर्धा दिवस गेला, दूध दोनदा उतू गेलं. दुपारी चारला ताईंनी गडग्यावरून हाक मारली. "दोन्हीकडून सारखं दाबायचं हो! रेघेला मध्ये ठेवायचं नि दोन्हीकडून सारखं!" मला घाईची लागली होती, तरी मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

माप गुपचूप कसं घ्यायचं हा प्रश्न ताईंनी सोडवला होता. एका सकाळी त्यांनी मला नि इयनरावांना फोटोच्या निमित्तानं शेजारी शेजारी उभं केलं आणि लांबून डोळे बारीक करून पाहिलं. नंतर मला म्हणाल्या, "तुमच्या पोटात आणि त्यांच्या पोटात दोन बोटांचा फरक. तुम्ही दुपारचं जेवून आलात की बरोबर होईल." तेव्हापासून मी रोज भरपेट जेवून त्यांच्या पुढच्या खोलीत स्टुलावर उभा राहू लागलो. खाली माझी पँट, वरून किल्ट. दार उघडं, कारण ताईंना उजेड लागतो. मासेवाली पाटी घेऊन दारात आली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "मास्तर, नाटकात काम घेतलंत काय? बांगडे देऊ?"

चौथ्या दिवशी दुपारी मी असाच उभा होतो. पोटावरून सत्तावीस निऱ्या सुंदर उतरल्या होत्या. चित्रा बरोबर बेंबीखाली. एक रेघ इकडची तिकडे नाही. ताई पहिल्यांदाच लांब जाऊन, हात कमरेवर ठेवून बघत होत्या. आणि दारात इयनराव.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. कापड पाहिलं. जमिनीवर ठेवलेले वडिलांच्या किल्टचे उसवलेले तुकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाच भरून आलं. मग ते पुढे आले आणि जड बोटांनी, फार हलक्या हातानं, माझ्या कमरेवरचा किल्ट अर्धा वळसा फिरवला. निऱ्या मागे गेल्या. सपाट भाग पुढे आला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इयनरावांकडे पाहिलं. इयनरावांनी अपराध्यासारखी मान हलवली.

किल्टच्या निऱ्या मागे असतात. हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. निऱ्या म्हटल्या की त्या पुढे, त्यात विचारायचं काय? किल्ट दोरीवर होता तेव्हा ताईंनी वास घेतला होता, पुढचं-मागचं पाहिलं नव्हतं. आता नुसता फिरवून भागण्यासारखं नव्हतं, कारण त्यांनी सत्तावीस निऱ्या माझ्या पोटाच्या गोलाईवर बसवल्या होत्या, आणि तसलं पोट काही पाठीला नसतं.

"विचारा त्यांना," ताई म्हणाल्या. आवाज चढला होता. "विचारा, मागे कशाला? घालणाऱ्याला दिसत नाय, समोरच्याला दिसत नाय. एवढा जीव काढायचा तो कुणासाठी?"

मी विचारलं. इयनराव डोकं खाजवत काहीतरी बोलले. मला कळलं ते इतकंच, की त्यांना माहीत नव्हतं. पहिल्यापासून असंच आहे, म्हणाले. मग "प्लीज" म्हणाले, आणि दोन्ही हातांनी पुरे, पुरे, असं केलं.

"नको म्हणतायत," मी म्हणालो.

"ऐकू आलं," ताई म्हणाल्या, आणि कात्रीच्या टोकानं रेवती उसवायला घेतली.

पुढचे तीन दिवस मी विसरणार नाही. मी वह्यांत लाल रेघा मारायचो तशा ताई प्रत्येक निरीतली चूक काढत होत्या. मशीनवर घेतलं की मशीनचा पाय वरचं कापड एक दोरा पुढे ढकलायचा, म्हणून मशीन झाकून ठेवलं आणि सगळं हातानं शिवायला बसल्या. बोटांना सुई लागून भोकं पडली, त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. ज्येष्ठा चार वेळा उसवली. मी म्हटलं, "ताई, ही आता कुणाला दिसत नाही." त्यांनी मला घरी पाठवलं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा माझ्या स्टुलावर इयनराव बसले होते, नाकावर चष्मा ठेवून सुईत दोरे ओवत. पंधरा सुया ओवून त्यांनी उशीवर ओळीनं टोचून ठेवल्या होत्या. ताई हात पुढे करायच्या, ते सुई द्यायचे. ताई म्हणायच्या, "धरा," ते कापड ताणून धरायचे. मराठी त्यांना येत नव्हतं, इंग्रजी ताईंना येत नव्हतं, आणि माझी गरज दोघांनाही नव्हती. मला जरा वाईटच वाटलं. कमरेच्या पट्टीला आतून जाड कापड लागतं. तिथे ताईंनी फणसावरचं लोकरी कापड लावलं, आणि इयनरावांनी खिशातले तुकडे काढून पुढे ठेवले, तेही त्यातच टाकून वरून घट्ट शिवलं. कमरेला आवळायचे चामड्याचे पट्टे जुनेच बसवले. शनिवारी संध्याकाळी, घरात मेंदीच्या बायका आलेल्या असताना, ताई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "रेवती बसली!" बायकांना वाटलं, रेवती नावाची कुणी पाहुणी आली.

रविवारी लग्न लागलं. इयनराव मुलीचा हात धरून मांडवात आले आणि पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यांदा म्हणाली, "आई, ते आजोबा आमच्या शाळेत आहेत!" एकच हशा पिकला. हशाचं कारण मी त्यांना कसंबसं सांगितल्यावर इयनरावांनी त्या मुलीला बोलावून तिच्याशी हात मिळवला. फोटोग्राफर मात्र वैतागला. वरमायेचा एकही फोटो समोर बघताना मिळाला नाही. प्रत्येक फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ताई मान वाकडी करून व्याह्यांच्या मागे बघतायत.

चार दिवसांनी ते निघाले. नितीन, फिओना आणि इयनराव. दुपारची गाडी होती. इयनराव स्टेशनवर किल्ट घालून आले. त्या उन्हात, सामान ओढत, अख्खा प्लॅटफॉर्म बघतोय, तरी त्यांना तोच घालायचा होता. नितीनच्या अंगात ताईंनी शिवलेला चौकडीचा शर्ट होता. त्यानं आईला वाकून नमस्कार केला. ताईंनी त्याची कॉलर सरळ केली, ती आधीच सरळ होती. इयनरावांनी ताईंचे दोन्ही हात हातांत घेतले आणि चिकटपट्ट्या लावलेल्या बोटांवर डोकं टेकवलं.

डबा पार पुढच्या टोकाला लागला. गाडी थोडाच वेळ थांबणार, म्हणून ते तिघं घाईनं निघाले. ताईंचे गुडघे दुखतात, आम्ही तिथेच उभे राहिलो. तिघांच्या पाठी लांब लांब जात होत्या. मध्ये इयनराव. चालताना प्रत्येक पावलाला निऱ्या उघडायच्या, चौकडी फुटायची, आणि पाऊल टेकलं की पुन्हा मिटून रेघेला रेघ मिळायची. ताई पुटपुटत होत्या. मी कान दिला. अश्विनी, भरणी, कृत्तिका. त्या एकेक मोजत होत्या. रेवतीपर्यंत पोचायच्या आत माणसं गर्दीत गेली.

गाडी गेल्यावरही त्या तिकडेच बघत उभ्या होत्या.

"मास्तर, मी तेव्हा भांडत होते ना," त्या म्हणाल्या. "मागे कशाला, कुणासाठी म्हणून. आपल्यासाठी हो. मागे उभं राहणाऱ्यांसाठी."

आणि मग रडल्या. यजमान गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या शर्टांच्या पाठी जुळवत बसायच्या ते मी पाहिलं होतं, आणि ती खोड समजून हसलो होतो. दर वर्षी दहा महिन्यांसाठी एसटी स्टँडवरून निघून जाणाऱ्या माणसाची पाठ त्यांनी किती वेळा पाहिली असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

रिक्षातून येताना त्या बाहेरच बघत होत्या. माझ्या अंगात चौकडीचा रेडिमेड शर्ट होता आणि खिशावरची रेघ अर्धा बोट चुकलेली होती. घाईत मी तोच चढवला होता. ताई सबंध वाटेत माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना ती दिसली नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून हाक आली. "मास्तर, कालचा तो शर्ट द्या. लाज आणलीत स्टेशनावर."

मी आनंदानं दिला. तीन दिवसांनी परत आला तेव्हा खिसा अगदी बरोबर बसला होता. पण त्यांनी पाठही उसवली होती. खांद्याच्या पट्टीखालची चौकडी नव्यानं, दोऱ्याला दोरा मिळवून जोडली होती.

"ताई, पाठ कशाला केलीत?" मी म्हणालो. "मी कुठे जातोय?"

ताई गडग्यावर पडलेली फणसाची पानं गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोज इथपर्यंत येता नि परत घरात जाता ना. मी इथेच उभी असते."